गिऱ्हाईक पायरी उतरतं तेव्हा

गुलमंडीवर आमचं कापडाचं दुकान होतं. तिथं बसून मी लहानपणी जे काही शिकले, त्यातलं निम्मं पुढं शेंद्र्याच्या कंपनीत पर्चेसला लागल्यावर कामी आलं. उरलेलं निम्मं एका मोबाइल अ‍ॅपनं पाण्यात घालवलं.

दुकान फार मोठं नव्हतं. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर, पांढरी गादी, भिंतीशी रचलेली कापडाची थानं, आणि मधोमध माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सुट्टीच्या दिवशी मी गादीच्या कोपऱ्यात बसायची आणि गिऱ्हाईक गेलं की अण्णा मला धडा द्यायचे. पहिला धडा असा, की बाईच्या तोंडाकडं पाहायचं नाही, हाताकडं पाहायचं. तोंडानं ती म्हणेल, रंग जाईल, पलीकडं स्वस्त आहे, आमच्या ह्यांना आवडायचं नाही. म्हणू द्यायचं. हात कापडावरून उचलला का, एवढंच बघायचं. उचलला नसेल तर एक पैसा कमी करायचा नाही. "तोंड काय, कायबी बोलतं," असं अण्णा म्हणायचे.

दुसरा धडा पायरीचा. गिऱ्हाईक आपला शेवटचा भाव सांगून उठतं, चपला शोधण्यात उगाच वेळ काढतं आणि पायरी उतरतं. इथं दुकानदारानं घाई करायची नाही. पण त्याला शेजारच्या दुकानापुढं जाऊही द्यायचं नाही. बरोबर मधल्या जागेत हाक मारायची. "ओ ताई, या, बसा तर खरं. चिडता कामून?" बुरखेवाली बाई असली तर तीच हाक दखनीत, "अरे आपा, आओ तो सही, इत्ता गुस्सा नक्को." ताई असो नाहीतर आपा, परत यायचीच, कारण परत येण्यासाठीच ती उतरलेली असायची. मग दोन्ही बाजू थोड्या थोड्या हरायच्या आणि अण्णा थान गुंडाळता गुंडाळता खालच्या आवाजात विचारायचे, "बांधू का?" ते झालं की व्यवहार संपला. त्यानंतर भावाचं नाव काढायचं नाही, हा तिथला कायदा.

आई दुकानात कधी बसली नाही, पण घासाघीस करण्यात ती अण्णांना विकून खाईल. तिनं जन्मात सांगितलेला भाव दिलेला नाही. शहागंजचे भाजीवाले तिला लांबून येताना पाहिलं की कोथिंबिरीची जुडी आधीच बाजूला काढून ठेवतात, म्हणजे निदान डोकं तरी खायची नाही. माझ्या शाळेच्या फीमध्येसुद्धा काही कमी होतं का, हे तिनं हेडबाईंना विचारून पाहिलं होतं. हेडबाई हसल्या होत्या. आई हसली नव्हती.

अशा या घरात अण्णांच्या गळ्याला गाठ निघाली. तंबाखूचा हिशेब, दुसरं काय. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल, म्हणजे जीव वाचेल. अण्णांनी विचारलं, "दुकानात बसता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, बसता येईल, बोलता येणार नाही. अण्णा म्हणाले, "मग बसून काय करू?" दुकान भाड्यानं दिलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

ऑपरेशनला थोडे दिवस होते तेव्हा मी हे अ‍ॅप शोधून काढलं. फोनवर बटणं तयार करायची आणि प्रत्येक बटणात आपल्याच आवाजातलं एक वाक्य भरून ठेवायचं. बटण दाबलं की वाक्य वाजतं. एकदाच पैसे भरा आणि आयुष्यभर वापरा, असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मी भरले. आईनं विचारलं, "किती कमी केले?" मी म्हणाले, आई, फोनवर भाव होत नसतो. तिला ते पटलं नाही. "भाव न करता घेतलंय, मला नाय भरवसा," असं म्हणून ती पोळ्या करायला निघून गेली. तिचं खरं होतं, पण ते कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आम्ही चिकलठाण्याच्या घरात मागच्या खोलीचं दार लावून रेकॉर्डिंगला बसलो. अण्णा जन्मभर माणसांशी बोललेले, यंत्राशी नाही. त्यामुळं पहिली बटणं सगळी वाया गेली. "हॅलो, हॅलो." "चालू झालं का?" "पंखा बंद कर की." "हे लाल दिसायलंय ते काय?" "थांब, परत घे." मी ती पुसली नाहीत, म्हटलं नंतर निवांत पुसू. मग मी कामाची वाक्यं घ्यायला लावली. दुखतंय. श्वास लागतोय. डॉक्टरांना बोलवा. ती अण्णांनी म्युनिसिपालिटीची नोटीस वाचावी तशी वाचून टाकली आणि नंतर खऱ्या रंगात आले. "जमत नाय." "काहीतरी भाव लावून बोला." "अरे आपा, आओ तो सही." आणि मग, अगदी दुकानातल्या आवाजात, "बांधू का?"

मी म्हणाले, "अण्णा, घरात कुणाला काय बांधून देणार आहात?"

"असू दे," अण्णा म्हणाले. "जागा खायलंय का तुझी?"

शेवटच्या बटणासाठी त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंच. "ऐकलं का?" एवढंच होतं ते. अण्णांनी आईला कधी नावानं हाक मारली नाही. लग्न झाल्यापासून आईचं नाव आमच्या घरात 'ऐकलं का' असंच आहे. त्यावरून ती जन्मभर कुरकुरत आली आहे, की बाकीच्या बायकांना नावं असतात.

ऑपरेशन नीट झालं. बोलण्यासाठी गळ्याला लावायचं एक यंत्र डॉक्टरांनी दाखवलं. अण्णांनी एकदा लावून पाहिलं. त्यातून जो घरघराट निघाला तो ऐकून त्यांनी यंत्र डबीत ठेवलं, खडूची पाटी जवळ ओढली आणि लिहिलं, 'हा माझा माल नाही.' ती पाटी आणि हा फोन, एवढ्यावर ते बोलू लागले. पाटीवर अक्षरं असायची, फोनमध्ये आवाज असायचा. भाजीवाल्याशी व्यवहार फोनवर व्हायचा. "जमत नाय!" असा गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून निघायचा आणि भाजीवाला दचकून भाव कमी करायचा. आई आत चुलीपाशी असली की बाहेरून "ऐकलं का?" यायचं. "ऐकलं, बहिरी नाय मी," असं तिचं ठरलेलं उत्तर. दिवसातून कितीदा तरी हेच. मला तर कधीकधी विसर पडायचा, की आता अण्णा बोलत नाहीत.

मग एका सकाळी अ‍ॅपनं स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं. उघडलं तर रंगीत फुगे वर चाललेले आणि खाली मजकूर, की आनंदाची बातमी आहे, आम्ही आता आणखी चांगले झालो आहोत. कंपनी चांगली झाली की गिऱ्हाइकानं खिसा सांभाळावा, हे मी कंपनीत बसूनच शिकले आहे. फुगे सरल्यावर खरी गोष्ट पुढं आली. इथून पुढं दर वर्षी पैसे भरायचे. आम्ही जुने, मानाचे गिऱ्हाईक, म्हणून आम्हाला आभाराचं एक सोनेरी चिन्ह मिळालं होतं. आणि पैसे न भरता चालू राहणार होती ती फक्त पाच बटणं. ज्या क्रमानं भरली त्या क्रमानं, पहिली पाच.

म्हणजे हॅलो हॅलो, चालू झालं का, पंखा बंद कर की, हे लाल दिसायलंय ते काय, आणि थांब परत घे. बाकी सगळ्यांवर एकेक छोटं कुलूप बसलं होतं. 'श्वास लागतोय'वरसुद्धा.

ऐन उन्हाळ्यात त्या दिवशी अण्णांनी चहा मागायला म्हणून फोन दाबला, त्यातून "पंखा बंद कर की" निघालं आणि आईनं मुकाट्यानं पंखा बंद केला. मी हसले. आईही हसली. अण्णांनी मात्र फोन पालथा घातला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मग माझं हसू गेलं आणि डोकंच फिरलं. पैसे घेतलेत, माल दिलाय, आणि आता माझ्याच घरात येऊन माझ्याच बापाच्या आवाजाला कुलूप लावता? तो आवाज तुम्ही बनवलेला नाही. तो गुलमंडीवर तंबाखू खाऊन बनलेला आहे. हे सगळं मी अ‍ॅपवाल्या कंपनीला लिहिलं, फक्त जरा सभ्य इंग्रजीत. लगेच उत्तर आलं. माझ्या भावना त्यांना पूर्ण समजत होत्या. मी संपर्क केल्याबद्दल त्यांना अतिशय आनंद झाला होता. आयुष्यभर म्हणजे त्या जुन्या अ‍ॅपच्या आयुष्यभर, असं नियमात पहिल्यापासून होतं आणि ते जुनं अ‍ॅप आता राहिलेलं नव्हतं. खाली एक हसरा चेहरा होता. शेंद्र्याला एखाद्या सप्लायरनं मला असं उत्तर दिलं असतं तर त्याचं पुढचं बिल मी दिवाळीपर्यंत अडवलं असतं. इथं अडवायला माझ्या हातात काहीच नव्हतं.

मी आपली पैसे भरून मोकळी व्हायच्या विचारात होते. अण्णांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'घाई नको. पायरी उतरायची.'

मी समजावलं, की अण्णा, ते दुकान नाही, तिथं गादीवर कुणी बसलेलं नाही. अण्णांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'पैसे मागतो ना? मग कुणीतरी बसलाय.' आईचा तर पूर्ण पाठिंबा होता. पहिल्या वेळी भाव केला नाही, ती चूक दुरुस्त करायची संधी तिला आयती चालून आली होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर अण्णांनी अ‍ॅपमधलं आपलं खातंच बंद करून टाकलं. मला वाटलं होतं ते नुसतं थांबतील. त्यांनी मला नंतर पाटीवर सविस्तर सांगितलं, मोठ्या अभिमानानं. बटण दाबल्यावर लाल अक्षरात इशारा आला होता, की तुमची सगळी रेकॉर्डिंग कायमची जातील, नक्की का? अण्णांना तेवढं इंग्रजी येतं. त्यांनी ते नीट वाचलं होतं.

"वाचलंत आणि तरी दाबलंत?" मी ओरडलेच.

अण्णा माझ्याकडं कीव आल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, 'शेवटचा पीस आहे ताई, परत मिळणार नाही. हे मी जन्मभर सांगत आलोय. आतल्या खोलीत दहा पीस असायचे.'

कापडाच्या दुकानात जे खोटं असतं ते इथं खरं असू शकतं, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? आणि सांगून उपयोग काय, खातं तर गेलं होतं.

मग आमच्या घरात हाकेची वाट पाहणं सुरू झालं. अण्णांनी फोनची रिंग पूर्ण मोठी केली आणि तो टीपॉयवर मधोमध ठेवला. कंपनीकडं आपला नंबर आहे, म्हणजे ते फोन करणार, यात त्यांना शंका नव्हती. आई म्हणाली, "केला तर तुम्ही उचलून काय बोलणार आहात?" अण्णांनी तिच्याकडं बोट दाखवलं. आई पदर खोचून तयारच होती. एकदा फोन वाजलाही. कुणीतरी क्रेडिट कार्ड घ्या म्हणत होता. आईनं तो कंपनीचाच माणूस समजून त्याला असा काही झोडपला की शेवटी तो म्हणाला, काकू, मी नंतर करतो. आई फोन ठेवून म्हणाली, "बघ, नरमला."

पण पुढं फोन येईना. अण्णांना आईला बोलवायचं असलं की ते टाळी वाजवू लागले. पहिल्याच दिवशी ती बाहेर येऊन म्हणाली, "हॉटेलात बसलाय का? टाळ्या कामून वाजवायलेत?" त्यांनी टाळी बंद केली. मग ते उठून स्वतःच आत जाऊ लागले, किंवा जायचंच नाही, तहान मारून बसायचं. घर इतकं शांत झालं की शेजारच्यांचा मिक्सर स्पष्ट ऐकू यायला लागला. आई स्वयंपाक सोडून उगाच बाहेर यायची आणि विचारायची, "हाक मारली का?" अण्णा मान हलवून नाही म्हणायचे. ती आत जायची. थोड्या वेळानं परत यायची. एकदा भात करपला तरी ती दारातच उभी होती.

एका दुपारी मी भाजी निवडत होते तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते मेलं 'ऐकलं का' परत येणार ना गं?"

मी म्हणाले, "बघू."

"ऑपरेशनच्या वेळी एवढं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "तवा वाटलं, आवाज फोनमध्ये हाय, घरातच हाय."

मला तिच्याकडं बघवेना. मी जुड्या सोडवत राहिले.

आणि मग, आमच्या कोणाच्याच ध्यानीमनी नसताना, कंपनीनं खरोखर हाक मारली. मेल आली. 'आम्हाला तुमची आठवण येते,' असं वर लिहिलं होतं. तुम्ही परत आलात तर पहिल्या वर्षाला निम्मेच पैसे घेऊ. तुमची रेकॉर्डिंग अजून आमच्याकडं आहेत, पण थोडेच दिवस ठेवू. मी मोठ्यानं वाचून दाखवली. अण्णा असे ताठ बसले, जसे काही पुन्हा गादीवरच आहेत. पाटीवर त्यांनी एकच शब्द लिहिला, 'बोलावलं.' मला मान्य करावं लागलं. ओ ताई, या, बसा तर खरं, चिडता कामून. सगळं तेच होतं.

आता मेल आली म्हणजे मी लगेच पैसे भरेन असं कुणालाही वाटेल. पण मीही याच घरातली, आणि वरून पर्चेसची. पहिल्या हाकेचा भाव शेवटचा नसतो, हे मला पगार देऊन शिकवलेलं आहे. अण्णांनी लिहिलं, 'अजून एक पायरी.' मी म्हणाले, "दोन दिवस थांबू. अजून खाली येतील." बापलेकीचं बऱ्याच दिवसांनी एकमत झालं होतं. आम्ही दोघं खुशीत होतो.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "थोडेच दिवस म्हणजे किती?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

अण्णांनी लिहिलं, 'सगळे म्हणतात. शेवटचा पीस.'

आईनं ते वाचलं. मग ती खाली बसली आणि तिनं टीपॉयवरच्या फोनवर हात ठेवला. "शेवटचा असला तर असू द्या, नसला तर नसू द्या. मागायलाय तेवढं देऊन टाका त्याला."

"अगं आई, निम्म्यावर आलाय. अजून येईल."

"नको. पूर्ण मागितलं असतं तरी दिलं असतं मी."

मला दचकायला झालं. असं गिऱ्हाइकानं दुकानदारासमोर बोलायचं नसतं. समोर कोणी नव्हतं तरी मला वाटलं, हिला गप्प करावं. आणि हे बोलत कोण होतं, तर जिच्या धाकानं भाजीवाले कोथिंबीर काढून ठेवतात ती.

अण्णांनी पाटीवर काहीतरी लिहायला घेतलं होतं. ते थांबले. ते आईच्या तोंडाकडं बघत नव्हते. फोनवर ठेवलेल्या तिच्या हाताकडं बघत होते. मग सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी पाटी पुसून टाकली आणि मला मानेनं खुणावलं, भर.

मी भरले. पुढच्या वर्षापासून पूर्ण पैसे लागतील, असं खाली बारीक अक्षरात होतं. मी ते वाचलं आणि कुणाला सांगितलं नाही. ते लोक कुठल्या देशात बसतात मला माहीत नाही, पण आईचा तो हात त्यांना तिथून दिसत होता. आमच्या आधी दिसला होता. म्हणून तर त्यांनी नेमकी तिथंच कुलपं लावली. मला त्यांचा राग आला होता आणि अजून आहे. राग ठेवूनच मी दर वर्षी भरणार आहे.

अण्णांच्या फोनवर अ‍ॅप पुन्हा उघडलं. एक चाक बराच वेळ फिरत राहिलं आणि आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो. मग बटणं एकेक करून आली. कुलपं गेली होती. आईनं हात थोडा कडेला घेतला होता, पण फोन सोडला नव्हता. मला वाटलं, आता अण्णा 'ऐकलं का' दाबणार. त्यांचं बोट त्या बटणावरून पुढं गेलं, खाली गेलं, आणि आईकडं नीट बघत त्यांनी दुसरंच दाबलं.

"बांधू का?"

तोच आवाज, तसाच खालच्या पट्टीतला. खोलीत कापडाचा वास आला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

"बांधा," आई म्हणाली. हात तिनं तरीही उचलला नाही.